मागची सीट

"अजून एक फेरी," मागच्या सीटवरून भिंगसाहेब म्हणाले. "आणि आता खरी चालवा."

"खरीच चालवतोय, साहेब."

"ते मी ठरवीन."

गाडी पुन्हा सरळ पट्ट्यावर आली. काटा दीडशेच्या पुढे गेला. भिंगसाहेबांच्या मांडीवर अर्ज होता आणि अर्जावर पेन्सिल आडवी पडलेली होती. वळण आलं. वेग कधी उतरला, चाकं कधी वळली, काही कळलं नाही. पेन्सिल जागची हलली नाही.

इथेच कुठेतरी पाणी मुरत होतं.

भिंगसाहेबांचं खरं नाव आता ट्रॅकवरच्या झेंडेवाल्यांनाही आठवत नसे. ट्रॅक डे म्हणजे साध्या माणसांनी आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर मनसोक्त पळवायचा दिवस. त्यासाठी लायसन लागे आणि लायसनावर सही लागे ती यांची. इतर परीक्षक उमेदवाराच्या शेजारी बसत. हे मागे बसत. मागून हात दिसतात, पाय दिसतात आणि आरशातले डोळेही दिसतात. गेल्या वर्षी एका गोडबोल्यावर विश्वास ठेवून त्यांनी सही ठोकली होती. तो पठ्ठ्या लायसन खिशात घालून भर वस्तीत शर्यती लावत सुटला. वरून लेखी तंबी आली: अजून एक चूक, की शिक्का जमा करा. तेव्हापासून साहेबांनी कानाला खडा लावला होता.

अर्जावर वय: सेहेचाळीस.

"या वयात हे खूळ कुठून?" सकाळीच विचारून झालं होतं.

"बायकोने पाठवलं."

कुठली बायको नवऱ्याला आपणहून शर्यतीच्या ट्रॅकवर धाडते? पहिली फुली.

डॉक्टरांचा दाखला: प्रकृती ठणठणीत. उजव्या कानाने किंचित कमी ऐकू येतं. कशामुळे? आवाजामुळे. कसल्या? "गाडीच्याच, साहेब." दुसरी फुली.

व्यवसाय: ड्रायव्हर.

एवढंच. कुणाचा, कसला, काही नाही. रकान्यात अजून चार शब्द मावले असते.

झेंड्यांची तोंडी परीक्षा: दहापैकी दहा. लाल म्हणजे सगळ्यांनी थांबा. पिवळा म्हणजे पुढे धोका. निळा दाखवला तेव्हा मात्र गडी हसला. "मागून वेगवान गाडी येतेय, तिला वाट द्या." मग स्वतःशीच पुटपुटला, "हा झेंडा बाहेरच्या रस्त्यावर असता तर काय हवं होतं!"

बाहेरच्या रस्त्यावर सगळ्यांनी आपल्याला वाट द्यावी, असं ज्याला वाटतं तो माणूस सरळ नव्हे. भिंगसाहेबांनी फुली इतकी दाबून मारली की कागद फाटला.

आणि आता हा आरसा.

आतला आरसा मागच्या काचेकडे हवा. याने तो खाली वळवला होता, थेट सीटकडे. प्रत्येक वळणाआधी हेल्मेटमधले डोळे आरशात येत, साहेबांना गाठत, परत जात. भिंगसाहेबांनी मोजलं. एका फेरीत अकरा वेळा.

"घ्या बाजूला."

गाडी थांबली. थांबली तेही कळलं नाही.

भिंगसाहेबांनी हेल्मेटची काच वर केली. "काय वाहता तुम्ही?"

"अं?"

"तुमचा कान बहिरा असेल, मेंदू नाही. दीडशेला गाडी पळवता आणि ब्रेक असे दाबता, की मागचं काही सांडू नये. वर माझ्यावर पहारा. चोरटी दारू? की त्याहून काही भारी? खोटं बोललात तर दोन वर्षं या फाटकातून आत येता येणार नाही. एवढं लक्षात ठेवून बोला."

त्याने वर पाहिलं. आरशाकडे हात नेला आणि अर्ध्यावरच थांबवला.

"हा कधी वळवला मी?" त्याचा आवाज खाली आला. "हात आपोआप जातो, साहेब. रुग्णवाहिका चालवतो. एकोणीस वर्षं झाली."

भिंगसाहेब उसळले, "अहो, मग अर्जात तसं लिहायचं ना सरळ!"

"लिहिलं की लोक किस्से विचारतात."

"आणि बायको?"

"तीच म्हणाली, एकदाचं जाऊन या. मी म्हणे झोपेतसुद्धा ब्रेक दाबतो. हळूच."

गेल्या वर्षीचा तो गोडबोल्याही असाच खालच्या आवाजात बोलला होता. भिंगसाहेबांना त्याचा शब्द न् शब्द आठवला. शिक्का खिशात होता. तो त्यांनी बाहेरूनच चाचपला.

"एकोणीस वर्षं जोरातच चालवताय की," ते म्हणाले. "इथे नवीन काय मिळणार तुम्हाला?"



"एकदा मागे कोणी नसताना जोरात चालवून बघायचीय."

भिंगसाहेबांनी मांडीकडे पाहिलं. चार फेऱ्या झाल्या होत्या. पेन्सिल होती तिथेच होती.

परीक्षा चालू असताना परीक्षकाने गाडी सोडायची नाही, हा नियम होता. तो त्यांनीच लिहिलेला होता. त्यांनी पट्टा काढला. अर्ज काखेत मारला. खाली उतरले, दार लावलं, आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "जा. मागे कोणी नाही."