असे करू नका

“एआय मिनिटात चित्रं काढतं!” असं म्हणत साहेबांनी पेन्सिलकाकांना घरचा रस्ता दाखवला. कारखान्याच्या प्रशिक्षण-पुस्तिकेतली चित्रं काका वीस वर्षं हाताने काढत होते. नव्या पुस्तिकेत वेल्डरच्या हाताला सहा बोटं आणि आग विझवणाऱ्याची नळी त्याच्याच छातीवर रोखलेली! साहेबांनी नेहमीसारखी न बघताच सही ठोकली होती. मालकांनी झाप झाप झापलं, तेव्हा साहेबांचा फोन आला, “काका, एवढं सांभाळून घ्या.”

“घेतो की!” काका गोड हसले.

आठवड्यात चित्रं झाली, सही झाली आणि पुस्तिका तीनशे कामगारांच्या हातात पडली. बोटं पाच, नळी आगीकडे.

फक्त ‘असे करू नका’च्या बाराही चित्रांत साहेबांचा हुबेहूब चेहरा, आणि खाली त्यांचीच सही: ‘तपासले, बरोबर आहे.’