सत्ताविसावा खंड

ग्रंथपाल बाईंनी जुन्या नियतकालिकाच्या खंडाच्या शिवणीपाशी बोट फिरवलं. कापलेल्या कागदांच्या कडा हाताला लागल्या. जेमतेम दोन मिलिमीटर, पट्टी धरून कापल्यासारख्या सरळ.

"दोनशे अकरा ते दोनशे सव्वीस. आठ कागद गेले."

टेबलापलीकडे उभ्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. लेखनस्पर्धेचा लेख परवा द्यायचा होता. पहिला आला, तरच पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळणार होती. त्यात सोमवारपासून परीक्षा.

"मॅडम, माझा सगळा लेख त्या पानांतल्या एका जुन्या लेखावर उभा आहे," ती म्हणाली. "आता काय करू मी?"

एवढं बोलून ती वाकली आणि कचऱ्याच्या डब्यात ओकली.

बाईंनी तिचे केस मागे धरले, पाणी दिलं, परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी मांडलेल्या खुर्चीत बसवलं. आंबट वास खोलीभर पसरला. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. किळस येत होती ती त्या सरळ कडांची. कुणीतरी इथेच बसून, श्वास रोखून, सावकाश हे केलं होतं.

शिपाईकाका डबा उचलत म्हणाले, "परीक्षा आली की अर्धी ओकतात, अर्धी पुस्तकं लपवतात. आणि हे रवंथाचंच काम बघा, बाई."

रवंथ म्हणजे वर्गातला दुसरा नंबर. सतत काहीतरी चघळायचा, म्हणून काकांनी ठेवलेलं नाव. स्पर्धेत तोही होता. बाईंनी नोंदवही पाहिली. महिन्याभरात सत्ताविसावा खंड फक्त त्याच्या नावावर निघाला होता.

तो खिडकीपाशी बसला होता. थुंकी लावलेल्या अंगठ्याने पान उलटत होता. त्या टेबलाखालचं च्युइंगम बाईंनी तीनदा सुरीने खरवडलं होतं. शेवटच्या वेळी त्यात केस निघाले होते.

"पानं कुठे आहेत?"

"मी खंड काढला तेव्हाच नव्हती, मॅडम."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही मलाच धरलं असतंत."

"आता काय वेगळं झालंय? कार्ड ठेव इथे."

त्याचं चघळणं थांबलं. "मॅडम, सोमवारी पेपर आहे. घरी एका खोलीत आम्ही सहा जण. मी वाचू कुठे?"

"ते कापण्याआधी सुचायला हवं होतं."

त्याने कार्ड ठेवलं. त्यावर अंगठ्याचा ओला ठसा होता. बाईंनी ते टिश्यूत धरून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि हात साबणाने दोनदा धुतले.

मग त्या कामाला लागल्या. ते नियतकालिक तीस वर्षांपूर्वी बंद पडलेलं. संगणकावर कुणी चढवलेलं नव्हतं. बाईंनी सगळ्या ग्रंथालयांच्या याद्या चाळल्या, सात फोन केले. संध्याकाळी चारला पत्ता लागला.

"मिळाला! शेजारच्या गावी, कोर्टाच्या जुन्या ग्रंथालयात."

"अजून कुठे आहे, मॅडम?"

"नाही. एवढी एकच प्रत."

"नक्की?"

"अगं, सगळ्या याद्या पाहिल्यात मी. एकच."

मुलीने दिवसभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"त्यांना पानांचे फोटो पाठवायला सांगते," बाई म्हणाल्या.

"नको, मॅडम. तिथले ग्रंथपाल म्हातारे असतील, त्यांना कशाला त्रास? उद्या मीच जाऊन येते. तुम्ही फक्त चिठ्ठी द्या."

बाईंना तिचं कौतुक वाटलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'या विद्यार्थिनीला निवांत वाचू द्यावे. जबाबदारी माझी.' मुलीने पत्ता वहीत उतरवला. तिच्या पेन्सिलीचं टोक लांब, सुरेख तासलेलं होतं. ग्रंथालय अजून अशाच मुलांमुळे टिकून आहे, असं बाईंच्या मनात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धावतच आली. लेखाची एक प्रत टेबलावर ठेवली, बाईंच्या पाया पडली आणि दुसरी प्रत द्यायला कार्यालयाकडे पळाली. दारात रवंथ उभा होता. कार्ड मागायला तो रोज येई, बाई रोज मान हलवीत. आजही हलवली.

दुपारी कोर्टाच्या ग्रंथालयातून फोन आला.

"तुमची ती मुलगी फार गुणी हो, मॅडम," तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांचा आवाज. "जाताना टेबलसुद्धा स्वच्छ पुसून गेली."

"आहेच ती तशी."

"हो. पण आज खंड जागेवर ठेवताना बोटाला काहीतरी लागलं. बारीक कडा आहेत आतमध्ये. दोनशे अकरा ते दोनशे सव्वीस. तुमच्या प्रतीत ती पानं असतील ना हो?"

फोन कानाला तसाच धरून बाईंनी मुलीचा लेख शेवटून उघडला. चौऱ्याहत्तर संदर्भ होते, ओळीने, एकही चूक नसलेले. सत्ताविसावा खंड त्यांत नव्हता. यादीखाली आभार होते. पहिले बाईंचे.