निर्णयातला नि

‘तुमच्या स्क्रीनवरचं सगळं दुसऱ्या उपकरणावर दाखवायचं का?’ फोनने विचारलं.

तिने क्षणभरही न थांबता ‘हो’ दाबलं. सकाळपासून ती या एका प्रश्नापर्यंत पोचायला धडपडत होती.

वडील खुर्चीत ताठ बसले होते. डोळ्यांवर ते जाडजूड यंत्र, डोक्याभोवती पट्टे. ते चढवलं की समोर भिंतीएवढा पडदा उभा राहतो आणि पडद्यावर फोन दिसतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. गेल्या दोन वर्षांत वडिलांच्या नजरेचा मधला भाग पुसट होत गेला होता. समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. अक्षर खूप मोठं केलं तर कदाचित वाचता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या ‘कदाचित’वर तिने हे यंत्र घरात आणलं होतं.

छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. वाचन गेलं आणि त्यांचा दिवस संपेना झाला. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची आणि मिनिटामिनिटाला घड्याळाकडे बघायची. मागच्या महिन्यात ती कामावर असताना ते न्हाणीघरात पडले आणि दोन तास तिथेच होते.

“हे घालून मी चंद्रावर जाणार की काय?” वडील म्हणाले.

“आधी जागेवर बसा नीट. हलू नका.”

सॉफ्टवेअर फोनमध्ये घालून झालं, यंत्रात घालून झालं. दोन्ही एकाच वायफायवर आणली. वडिलांचा फोन मात्र इतका जुना, की सॉफ्टवेअरने त्याला दारातूनच परत पाठवलं. शेवटी तिने स्वतःचाच फोन जोडला. एकदा दिसतंय की नाही, एवढं तरी कळू दे.

“काही दिसतंय?”

त्यांनी मान किंचित तिरपी केली. “चार वाजून सव्वीस,” ते म्हणाले. “बॅटरी एकोणचाळीस टक्के.”

तिने घाईघाईने बातम्यांचं पान उघडलं आणि अक्षर मोठं केलं. ते वाचू लागले. आधी अडखळत, मग सलग, मग पूर्वीसारखे स्वल्पविरामाला थांबत. तिला भरून आलं. आता दिवस जाईल यांचा. आता तो विषय चार महिने तरी पुढे ढकलता येईल.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला आणि वरून मेसेज उतरला. दादाचा.

‘आश्रमवाल्यांना उद्या कळवायचंय. नीर्णय तूच घे. अर्ज तू केलास, बाबांना सांगायचं कामही तुझंच.’

तिने बोटाने तो झटकला, पण फार उशिरा. जे तिच्या तळहातात मावत होतं ते समोर भिंतीएवढं झालं असणार.

पंधरा दिवसांपूर्वी वृद्धाश्रमातून दादाला फोन आला होता. तुमच्या वडिलांचा नंबर लागलाय, खोली रिकामी आहे. यादीत वडिलांचं नाव आणि दादाचा फोन नंबर, याहून जास्त तिथल्या बाईंना ठाऊक नव्हतं. दादाला वाटलं, बहिणीने परस्पर अर्ज केला. तिला वाटलं, अर्ज यानेच केला आणि आता नामानिराळा राहतोय. दोघांनी एकमेकांना नाही नाही ते सुनावलं. वडिलांना कुणीच काही सांगितलं नाही. आणि एक गोष्ट तिने दादालाही सांगितली नव्हती. खोली रिकामी आहे हे ऐकल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटलं, तर हलकं. अगदी हलकं. त्याची लाज वाटून तिने दुसऱ्या दिवशी या यंत्राची चौकशी सुरू केली होती.

तिने वडिलांकडे पाहिलं. यंत्राखाली फक्त ओठ दिसत होते. ओठांवरून काही कळत नव्हतं.

“बातमी पुढे सरकव,” ते म्हणाले.

तिने सरकवली. त्यांनी आणखी दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

“निर्णयातला नि ऱ्हस्व असतो. तुझा दादा शाळेत असल्यापासून तो दीर्घ काढतो.”

तिने फोन पालथा ठेवला.

“बाबा, मी अर्ज नाही केला,” ती म्हणाली. “तुमच्या गळ्याची शपथ. दादानेच केलाय, आणि आता माझ्यावर ढकलतोय.”

“त्याने नाही केला.”

त्यांनी चाचपडत पट्टे सैल केले आणि यंत्र मांडीवर घेतलं. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. ते तिच्या दिशेने बघू लागले, म्हणजे तिच्या कानाच्या दिशेने.

“मी केला. अक्षर दिसत होतं तोवर फॉर्म भरून टाकला. तुम्हा दोघांपैकी कुणाला तो भरावा लागू नये म्हणून.”

ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी हात पुढे केला, तो आधी हवेत फिरला आणि मग तिच्या डोक्यावर स्थिरावला.

“नंबर मात्र मुद्दाम त्याचा दिला,” ते म्हणाले. “तुझा दिला असता, तर मला न विचारता तू त्यांना नको म्हणून सांगून टाकलं असतंस.”