सोडलेला बॉल

“बॉल येऊ दे पोरी, आधीच बॅट फिरवू नगंस!” पेठ वडगावच्या मैदानावरचा खेळाच्या बाईंचा आवाज बारा वर्षांनी शिवलीलाच्या कानात ओवीसारखा घुमला. समोर तिचा नवरा महांतेश मोबाइलवर बेसबॉल खेळत होता आणि आठवडाभर नुसता बाद होत होता.

शेवटी तिला राहवेना. “अवो, दिसंल त्या बॉलवर तुटून पडू नगासा. लांबचा सोडून द्या. टाकणाऱ्याच्या हाताकडं बघा.”

“आता भाकरी थापणारी मला बेसबॉल शिकवणार व्हय!” म्हणत त्यानं दोन बॉल सोडले. तिसरा थेट मैदानाबाहेर गेला.

“आयला! तुला गं कसं ठावं?”

सासरी खेळाचं नाव काढायचं नाही, असं आईनं लग्नात बजावलं होतं. शिवलीलानं ते आजवर पाळलं होतं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले.

“सॉफ्टबॉल खेळत हुते. राज्याच्या संघात निवड झालती, पर जायाचं ऱ्हायलं.”

“मग गेली न्हाईस? भ्यालीस व्हय?” तो अजून हसतच होता.

“संघाची गाडी सुटली, त्या दिवशी तुमी मला बघायला आलतासा.”