मी सांगेपर्यंत

"श्वास थांबव तिचा," डॉक्टर त्सान्कोव म्हणाले. "आणि मी सांगेपर्यंत चालू करायचा नाही. मागच्या वेळी तुझ्या घाईनं माझा टाका चुकला, कळलं?"

टेबलावर एकशे साठ किलोंची स्तोयांका बेशुद्ध होती. भूल मीच दिली होती.

"चीज-लोण्याच्या बानित्सा हादडून हादडून पार म्हैस झालीय बाई!" डॉक्टर म्हणाले.

सिस्टर हसली. मीही हसले.

मी व्हेंटिलेटर थांबवला. एवढ्या जाड पेशंटचा ऑक्सिजन बघता बघता कोसळतो, म्हणून बोट बटणावर ठेवूनच मी आकडा पाहत होते.

एक मिनिट गेलं. अठ्ठ्याण्णव. दोन मिनिटं गेली. अठ्ठ्याण्णवच. छाती हलत नव्हती, पण ओठ गुलाबी होते.

"डॉक्टर, करू का चालू?"

मी वर पाहिलं. त्यांचा मास्क हलत नव्हता. मास्कच्या वरचं कपाळ निळं पडत चाललं होतं आणि डोळे माझ्या बोटावर खिळले होते. त्यांना सांगायचं होतं, पण सांगायला श्वास लागतो.

आकडा नव्व्याण्णव झाला.

मी बटण न दाबताच बोट उचललं आणि ते सांगतील याची वाट पाहत बसले.