येते हं!

आपल्या मौलीला कोलकात्यातल्या खेळण्यांच्या कंपनीतली नोकरी मनापासून हवी होती, पगारही ठरला, पण गाडं अडलं दुर्गापूजेवर! दिल्लीहून नवेच आलेले खुरानासाहेब म्हणाले, “सुट्टी दोनच दिवस.” “पाच हवेत, सर! आमच्या गल्लीच्या पूजेत ढाक, तो मोठा ढोल, मीच बडवते.” साहेब हलेनात. मौली पर्स उचलून उठली, “बरं, येते हं.” नुकतंच बंगाली शिकू लागलेले साहेब दार उघडून ओरडले, “ही कामावर येतेय! निबारणदा, संदेश मिठाई मागवा!” अख्ख्या ऑफिसात मिठाई वाटली, हिच्या तोंडातही कोंबली, बोलणार कशी? ऑफिसातले म्हातारे कारकून निबारणदा हळूच म्हणाले, “साहेब, ती निघालीय. आम्ही निघताना ‘येते’च म्हणतो. ‘जाते’ म्हणणं अशुभ.” “मग माणूस चाललाय हे कळायचं कसं?” “पाठ दिसते ना, साहेब!” सगळे खदाखदा हसले, साहेबसुद्धा. “घ्या पाच दिवस! मिठाई वाटून झालीय, पाठ तेवढी दाखवू नका.”