खांबाचे कान

"आवाज आला की बटण दाबायचं, काका. कितीही बारीक आला तरी," कान तपासणारी मुलगी म्हणाली आणि तिने जाडजूड दार लावून घेतलं.

खोली कपाटाएवढी होती. भिंतींना आतून स्पंज, त्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण, समोर छोटी काच, काचेपलीकडे ती मुलगी आणि तिचं यंत्र. तिच्या मागच्या बाकावर त्याची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिनेच त्याला इथे ओढून आणलं होतं. वर अटही घातली होती: रिपोर्ट वाईट आला तर शनिवारचा कार्यक्रम शेवटचा, मग ती बेस गिटार कायमची माळ्यावर. "बरं," तो म्हणाला होता. तीस वर्षं बँडमध्ये काढलेल्या माणसाला कानाची परीक्षा ती काय अवघड जाणार, असं त्याला वाटलं होतं.

पहिले आवाज खालचे होते, घुमणारे. ते तर त्याच्या घरचेच. त्याने पटापट बटण दाबलं. मग आवाज वर चढत गेले, बारीक होत गेले आणि एका ठिकाणी यायचेच थांबले.

पण खांब इतक्यात हार मानणारा नव्हता. बँडमधले त्याला खांब म्हणत. गाणारे नाचोत की गिटारवाला गुडघ्यांवर बसो, हा आपला ड्रमरच्या डाव्या अंगाला उभा, जागचा हलायचा नाही. आजवर पाच बँड झाले. लग्नाचे हॉल, हॉटेलांची हिरवळ, कंपन्यांच्या पार्ट्या. गाणारे बदलले, बँडची नावं बदलली, ड्रमच्या झांजांशेजारची ही जागा तेवढी त्याची राहिली. बेसवाल्याला कोणी फर्माईश करत नाही की त्याच्यासोबत फोटो काढत नाही. कित्येकदा तर त्या गोंगाटात त्याला स्वतःचं वाजवणंही ऐकू यायचं नाही. मग तो ड्रमरच्या पायाकडे बघायचा, मनात मोजायचा आणि बरोबर जागेवर सूर टाकायचा. गेली काही वर्षं बहुतेक कार्यक्रम त्याने असेच निभावून नेले होते. कोणाला पत्ता लागला नव्हता.

या मुलीचीही एक लय होती. आवाज द्यायची, थांबायची, पुन्हा द्यायची. पहिल्या काही आवाजांतच ती लय त्याला सापडली होती. आता ऐकू येईना तेव्हा तो मोजायला लागला. एक, दोन, तीन, दाब. ही शुद्ध लबाडी आहे, असं त्याच्या मनात आलं. पण मनात शनिवारही होता. अंगठा चालू राहिला.

थोड्या वेळाने दार उघडलं.

"काका, शेवटचे सहा आवाज मी दिलेच नव्हते."

तो ओशाळला. "तिथे जागा होती," असं काहीतरी पुटपुटला.

"कसली जागा?"

"आवाजाची." याहून जास्त त्याला सांगता येईना.

"घरीसुद्धा हेच चालतं," बायको बाकावरून म्हणाली. "मी बोलत असते आणि हे बरोबर मध्ये मध्ये 'हं' म्हणतात. मला वाटायचं, ऐकतायत."

मुलगी हसली. तोही हसला, पण ते त्याला लागलं.

"पुन्हा एकदा करू," मुलगी म्हणाली. "आता भिंतीकडे तोंड करून बसा. आणि मोजू नका हं. नुसतं ऐका."

त्याने खुर्ची फिरवली. आता आवाज कसेही येत होते, कधी लागोपाठ, कधी खूप थांबून. खालचे चार-दोन त्याने पकडले. मग काहीच नाही. अंगठा सारखा शिवशिवत होता. न मोजता बसणं किती अवघड असतं, हे त्याला या वयात कळत होतं. शनिवारनंतर गिटार माळ्यावर जाणार हेही कळत होतं, आणि त्याचं वाईट वाटत होतं. पण त्या वाइटाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. ज्या खांद्यावर तीस वर्षं गिटारचा पट्टा होता तो खांदा, तासन्‌तास उभे राहिलेले पाय, दातांवर दात दाबून धरलेला जबडा, सगळं एकदम दुखायला लागलं. आपण इतके दमलो आहोत, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि पुढच्या आवाजाची वाट बघत राहिला.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकला. बायको होती. तिने त्याच्या कानांवरचा हेडफोन काढला. मुलगी दारात उभी होती.

"झालं?" त्याने विचारलं.

"केव्हाच," मुलगी म्हणाली. "खालचे आवाज अगदी छान ऐकू येतात तुम्हाला. वरचे गेलेत. पाखरं, दाराची बेल, बायकांचं बोलणं, हे सगळं वरच्यांत. म्हणून शेवटी मी काकूंच्या हातात माइक दिला. म्हटलं, घरात मारता तशी हाक मारा, नेहमीच्या आवाजात."

त्याने बायकोकडे पाहिलं. 'तरी मी सांगत होते' हे ती आता म्हणणार, असं त्याला वाटलं. ती हेडफोनची वायर गुंडाळत होती.

"किती वेळ हाका मारत होतीस?"

त्याला ऐकू जावं म्हणून ती त्याच्या डाव्या कानाशी वाकली.

"झाली की सात-आठ वर्षं," ती म्हणाली.